हरिहरेश्वरची समुद्रप्रदक्षिणा: बंद करावी, की वेळ बांधून द्यावी?

सुकती-भरती (धागाकर्ता)

कोकणात कुठे कोणी बुडाल्याची बातमी आली की हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचा विषय निघतोच. मग आठवडाभर दोनच सूर. एक म्हणतो, तो मार्ग कायमचा बंद करून टाका. दुसरा म्हणतो, देवाची वाट अडवणारे तुम्ही कोण. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा.

जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे हे क्षेत्र आहे. दक्षिण काशी म्हणतात. हरिहर, हर्षिनाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्या. रीत अशी की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव-योगेश्वरी. आणि ज्याला झेपेल त्याने डोंगराची प्रदक्षिणा. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद घळीतून थेट समुद्रावर उतरायचं. तिथून पुढे लाटांनी कापून काढलेल्या सपाट खडकांवरून वाट जाते. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. वाटेत गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, विष्णुपद अशी तीर्थं लागतात. ओहोटीला हे सगळं कोरडं असतं. भरतीला यातला बराचसा रस्ता नसतोच.

माझा मुद्दा एवढाच आहे. सरकारी बंदी ऋतूवर चालते. पावसाळा आला की आदेश निघतो, पावसाळा संपला की सगळे मोकळे. पण ही वाट चोवीस तासांत दोनदा उघडते आणि दोनदा बंद होते, भर जानेवारीतसुद्धा. मुरुडला २०१६ साली पुण्याच्या महाविद्यालयातली १४ मुलं बुडाली, ती १ फेब्रुवारीला. आभाळ स्वच्छ होतं.

भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच.

आता हेच पौर्णिमेला लावून बघा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे अकरा ते बारा पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेली गाडी माणगाव-म्हसळ्यावरून येते, दर्शनाची रांग होते, आणि माणूस देवळामागच्या पायऱ्यांकडे वळतो तो नेमका याच वेळेला. महाशिवरात्र तर दरवर्षी माघ वद्य चतुर्दशीलाच येते. चौदा पाऊणे साडेदहा. वर्षातली मोठी गर्दी आणि जवळपास उधाणाची भरती एकाच सकाळी, आणि हे काही योगायोगाने घडत नाही, पंचांगातच तसं आहे. उलट कालाष्टमीला, म्हणजे खुद्द काळभैरवाच्या तिथीला, दुपारी बाराला ओहोटी असते. काळभैरवाला गर्दीची काळजी जास्त असावी.

म्हणून मी म्हणतो, फाटक लावा, पण त्याची किल्ली तिथीकडे द्या. रोजची वेळ देवळाच्या दारात फळ्यावर लिहा: आज प्रदक्षिणा अमुक ते अमुक. त्याबाहेर कोणालाही नाही. भाविक नाही, पर्यटक नाही, साहेब नाही.

काय वाटतं?

पॉपकॉर्नवाला

रुमाल टाकून ठेवतो. रंगणार हा धागा.

रोठा-सुपारी

मी तिकडचाच. चार खोल्या पर्यटकांना देतो, मागे नारळ-सुपारीची वाडी आहे. होती म्हणायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आलं आणि एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं. श्रीवर्धनी रोठा बाजारात नावाजलेला आहे, पण झाडच नसेल तर नाव घेऊन काय करायचं? तेव्हापासून इथली कितीतरी घरं खोल्यांवर चालतात. तेव्हा "कायमचा बंद करा" हे पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे.

पण धागाकर्त्यांच्या म्हणण्यातली एक अडचण सांगतो. पाटी आजही आहे. भरतीच्या वेळी जाऊ नका असं लिहिलेलं आहे. आलेल्या पाहुण्यांना मी स्वतः सांगतो, आज दुपारी जाऊ नका, संध्याकाळी चारनंतर जा. उत्तर ठरलेलं: "चारला आम्हाला निघायचंय." त्यांनी मुक्काम सोडायची वेळ बघितलेली असते, समुद्राची नाही. अशा माणसाला फळा दाखवून काय उपयोग?

डेक्कन-क्वीन

फळ्याने नाही होणार. सरळ बंद करा. ज्यांना धार्मिक विधी करायचे आहेत त्यांना उपाध्यांबरोबर सोडा, बाकीच्यांनी वरून समुद्र बघावा. तिथे येणाऱ्यांतले निम्मे फक्त रील काढायला खाली उतरतात. एका हातात मोबाईल, पायात रबरी चपला, आणि पाठ समुद्राकडे.

कुलाचार

हा प्रतिसाद वाचून राग आला, पण शांतपणे लिहितो.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. पहिल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला. आमच्यासारखी कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. लग्न झालं की जोडी जाते, घरात कोणी गेलं की श्राद्धाला जातात, अस्थी घेऊन जातात. आम्हाला कोणी "भाविक" म्हणून चिठ्ठी द्यायची आणि मग आत सोडायचं? ती चिठ्ठी कोण देणार? आणि रील काढणाऱ्याच्या मनात भक्ती नाही हे तुम्हाला कुठून कळलं? प्रदक्षिणा करून आल्यावर फोटो मीही काढतो.

धोका आहे, मान्य. धोका वारीतही आहे, गडावरही आहे. म्हणून वाट बंद करायची?

डेक्कन-क्वीन

गडावर दगड दिवसातून दोनदा पाण्याखाली जात नाहीत हो.

सोमसूत्र

एक बाळबोध शंका. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत ना? सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी वाहून जायची पन्हळ, ओलांडायचं नाही असं लहानपणापासून ऐकलंय. मग इथे आख्ख्या डोंगराला कशी?

कुलाचार

@सोमसूत्र, ती गाभाऱ्यातली, पिंडीभोवतीची. ही क्षेत्राची प्रदक्षिणा. शिवाय इथे एकटा हर नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशा चौघांचं स्थान आहे. गणपतीपुळ्यालाही डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात, कारण डोंगरच देव. ती वाट जमिनीवरून जाते एवढाच फरक.

होडीवाला

पाऊणपटीचा हिशोब बरोबर आहे. पण अर्धा हिशोब आहे. बाकीचा मी सांगतो, कारण आमचं पोट त्याच्यावर आहे.

पाणी सहा तास चढतं, पण सारखं चढत नाही. बारा हिस्से धरा. पहिल्या तासाला एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढून जातं. लोक फसतात ते इथे. ओहोटी लागून गेली, दीड तास झाला, पाणी अजून लांबच दिसतंय, म्हणून खडपावर बसून भेळ खातात. तिसरा तास लागला की मागची घळ ओली आणि पुढचा कोपरा बंद. वर चढायला जागा नाही, कडा उभा.

म्हणून वेळ द्यायची तर "ओहोटीला जा" एवढं पुरत नाही. ओहोटीच्या आधी दीड तास सुरुवात करायची आणि सुकती, म्हणजे उतरतं पाणी, संपते न संपते तोवर बाहेर पडायचं. उतरत्या पाण्याबरोबर चालायचं, चढत्याबरोबर नाही.

दुसरं, उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा कालाष्टमीला दुपारी ओहोटी खरी, पण भांगाची. खालचे सगळे खडक उघडे पडतीलच असं नाही. भैरवाच्या भरवशावर जाऊ नका.

तिसरं सगळ्यात वाईट. वारा नाही, पाऊस नाही, आणि तरी लाट येते. दक्षिणेकडे लांब महासागरात वादळ होतं, त्याची लाट हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्याला लागते. केरळात तिला कल्लकडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था आहे, तिचा इशारा आमच्या मोबाईलवर येतो. त्या दिवशी तुमची तिथी, पाऊणपट, फळा, सगळं गुंडाळून ठेवायचं.

सुकती-भरती (धागाकर्ता)

@होडीवाला, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. मग फळ्यावर दोन ओळी हव्यात: वाट उघडायची वेळ, आणि शेवटचा माणूस आत सोडायची वेळ. दुसरी जास्त महत्त्वाची. इशाऱ्याच्या दिवशी फक्त "आज नाही".

रोठा-सुपारी

@होडीवाला, दादा, भेळ खाणारे मी रोज बघतो. कागदसुद्धा तिथेच टाकून येतात.

जाळीचा-दगड

भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. आतापर्यंत सगळे माणसं वाचवायचं बोलतायत, मला खडकांबद्दल बोलायचं आहे.

तिथल्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. समुद्राचं खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. हे भरती-ओहोटीबरोबर वर्षानुवर्षं चालतं आणि छिद्राचं घर होतं. घरांमधल्या भिंती बोटाएवढ्या जाड. लोक त्यांवर पाय देऊन चढतात, किल्लीने नावं कोरतात, तुकडा काढून पिशवीत टाकतात. मूळ दगड दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. नाव कोरायला दोन मिनिटं पुरतात.

आणि कोणी म्हणायच्या आधीच सांगतो: कृपा करून सिमेंटची वाट आणि रेलिंग सुचवू नका. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो, २०१९ च्या अधिसूचनेतही त्यावर कडक बंधनं आहेत. ते बाजूला ठेवलं तरी खाऱ्या पाण्यात लोखंडी गजाचं काँक्रीट किती दिवस टिकतं हे कुठल्याही जेट्टीवर जाऊन बघा. गज गंजतो, फुगतो, काँक्रीट फुटतं. मग तुटकं रेलिंग राहतं, आणि त्याला धरून उभा राहिलेला माणूस.

पॉपकॉर्नवाला

मी रेलिंगच सुचवणार होतो. पॉपकॉर्न खातो गपचूप.

बंदूक-बोट

अवांतर: हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये बंदुका असलेली बोट लागली होती ना? तेव्हा सगळ्या रायगडात नाकाबंदी झाली होती. बोट वाहत आली तर एका दिवसात बंदोबस्त लागतो, माणूस वाहत गेला तर फक्त पाटी लागते.

संपादक-मंडळ

कृपया विषयाला धरून लिहावे.

पैलतीर

मी बाणकोट खाडीच्या पलीकडची. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला आलं की पुढे वेळास. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पूर्वी माहीत असायचं, आता कासवांचं गाव म्हणून.

तिथे काय होतं ते बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावाला बरोबर घेऊन कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, २००६ पासून महोत्सव. पिल्लं सोडायची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, ठरलेली. दोरी बांधलेली असते. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. एखाद्या वेळी पिल्लं बाहेर आलीच नाहीत तर तुम्हाला काहीच दिसत नाही. लोक कुरकुरतात, घरगुती जेवण जेवतात, पुढच्या वर्षी परत येतात. बंधनं घातली म्हणून वेळासची गिऱ्हाइकं तुटली नाहीत. उलट सकाळची वेळ गाठायची म्हणून रात्री मुक्काम करावा लागतो.

रोठा-सुपारींनी याचा विचार करावा. ओहोटी सकाळी असेल तर आदल्या रात्री खोली लागणारच. ज्यांना चारला निघायचं असतं तेच लोक राहतील.

रोठा-सुपारी

@पैलतीर ताई, हे डोक्यात आलं नव्हतं. पण वेळासला दोरी गावाने धरली. आमच्याकडे दोरी कोण धरणार, खरा प्रश्न तोच आहे. देवस्थान म्हणेल समुद्र आमचा नाही. ग्रामपंचायत म्हणेल माणसं नाहीत. पोलीस म्हणतील लेखी आदेश आणा. आदेश निघाला की तो सरसकट निघतो, पूर्ण किनाऱ्याला, महिना-दोन महिने.

डेक्कन-क्वीन

आणि दोरी धरणाऱ्याला पंधरा मिनिटांत फोन येईल: "आपली माणसं आहेत, सोड."

होडीवाला

तो फोन आला तर मी काय करीन सांगतो. फोन करणाऱ्यालाच बोलावीन. या म्हणावं, दोघं मिळून घेऊन जाऊ, पुढे तुम्ही.

माहीमची-मावशी

मुंबईत हाजी अलीला जायची वाट भरतीला पाण्याखाली जाते. लहानपणापासून बघतेय, लोक अलीकडे उभे राहतात, भुट्टा खातात, पाणी उतरलं की जातात. सगळ्या धर्मांचे लोक. कोणी म्हणत नाही की आमच्या श्रद्धेवर घाला आला. गुजरातेत भावनगरजवळ कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, तो तर समुद्रातच आहे. ओहोटीला चालत जायचं, भरतीला पिंडी पाण्यात. तिथे पौर्णिमा-अमावास्येला यात्रेकरू येतात ते पाण्याची वेळ बघूनच.

राजापूरची गंगा घ्या. उन्हाळे गावातल्या त्या चौदा कुंडांत साधारण तीन वर्षांनी पाणी येतं, म्हणतात. साधारणच, नेम नाही. ती येईल तेव्हा जायचं, गेली की वाट बघायची. २०२० मध्ये टाळेबंदीतच आली, तेव्हा लोकांना स्नानाला जाता आलं नाही. चरफडले, पण घरूनच नमस्कार केला. कोकणातल्या देवांना वेळापत्रक आहे, ते माणसाच्या सुट्टीशी जुळत नाही इतकंच.

कुलाचार

माहीमच्या मावशींचा प्रतिसाद वाचून माझा विरोध थोडा मऊ झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

वेळ बांधून द्या, मला चालेल. पण ती सगळ्यांना एकच हवी. "विधीवाले आत, बाकीचे बाहेर" हे मी कधीच मान्य करणार नाही, ते माझ्या फायद्याचं असलं तरी. एकदा देवाच्या दारात माणसं निवडायला सुरुवात झाली की ती कुठे जाते हे या राज्याला चांगलं ठाऊक आहे. आणि अस्थी घेऊन आलेल्या घराला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं की आज दुपारी नाही, संध्याकाळी. दुःखात माणूस फळा वाचत नाही. ते काम उपाध्यांनी फोनवरच करावं, दिवस ठरवतानाच. तिथी तर ते बघतातच, पाऊणपटही करावी.

सुकती-भरती (धागाकर्ता)

@कुलाचार, शेवटची सूचना सगळ्यात कामाची आहे. तिला पैसे लागत नाहीत, आदेश लागत नाही.

दोरी कोण धरणार यावर माझं मत: ज्याला गाड्या लावायचे पैसे मिळतात त्याने. आलेल्या प्रत्येक गाडीकडून पावती घेतली जाते, त्यातून भरतीच्या वेळेपुरते दोन जीवरक्षक ठेवता येतील. गावातलीच पोरं, पोहणारी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि हात रिकामे असतात.

होडीवाला

रिकामे नसतात. जाळी विणायची असतात, होडीला तेल-रंग करायचा असतो. पण पगार वेळेवर मिळणार असेल तर विचार करू. पावसाळ्यात मात्र प्रदक्षिणा नकोच, ओहोटी असली तरी. तेव्हा समुद्र तिथी पाळत नाही. आणि खडपावर शेवाळ इतकं असतं की आम्हीसुद्धा पाय टाकत नाही.

डेक्कन-क्वीन

पावसाळा पूर्ण बंद, बाकी आठ महिने ओहोटीवर, सगळ्यांना एकच नियम. एवढं होणार असेल तर माझी "सरळ बंद करा" ही मागणी मागे घेते. होणार नाही याची खात्री आहे, म्हणून मनातून मागे घेत नाही.

जाळीचा-दगड

आणि दोरी धरणाऱ्याने पिशव्याही बघाव्यात, दगड घेऊन जाणाऱ्यांच्या.

नवखा-प्रवासी

सगळे प्रतिसाद वाचले. आम्ही वद्य पंचमीच्या दिवशी तिथे आहोत, आई-बाबा बरोबर. फळा अजून लागलेला नाही असं धरून विचारतो, कधी उतरू?

सुकती-भरती (धागाकर्ता)

पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचार-साडेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहा-साडेदहाला ओहोटी. आदल्या रात्री मुक्काम करा, पहाटे दर्शन उरका आणि सव्वाआठ-साडेआठला पायऱ्यांवर असा. दहाच्या आत बाहेर. आदल्या दिवशी नेमकी वेळ तक्त्यात बघून घ्या, पाऊणपट ढोबळच असते. इन्कॉइसचा इशारा असेल तर जाऊच नका. आणि तिथे उभ्या असलेल्या कोळ्याने नको म्हटलं तर वाद घालू नका.

होडीवाला

चपला घट्ट घाला. आईबाबांचे गुडघे कसे आहेत? घळीतल्या पायऱ्या उंच आहेत, उतरताना जाणवतात.

नवखा-प्रवासी

आईचे ठीक आहेत, बाबांचे नाहीत. बाबा वर बसतील बहुतेक.

रोठा-सुपारी

वर बसू द्या. त्यांच्या हातात सगळ्यांचे मोबाईल द्या.